पडदा का फाटतो? रेसिंग गेममधल्या लयीची गोष्ट

मोंझा ट्रॅकच्या मुख्य सरळ पट्ट्यावर गाडी ताशी ३२४ किलोमीटरने सुटली आहे. कडेला ब्रेकिंगसाठी लावलेल्या अंतराच्या पाट्या दिसू लागतात. पुढे रेटिफिलोचे जोडवळण आहे, आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे. तिथे पोचेपर्यंत वेग ताशी ८०च्या आसपास उतरवायला हवा. तुम्ही एका पाटीवर नजर ठेवून ब्रेक दाबता, स्टिअरिंग वळवायला घेता, आणि त्याच क्षणी पडद्यावरची पाटी, तिच्यामागचे कुंपण, झाडांचे बुंधे, सगळे एका आडव्या रेषेवर चिरले जाते. रेषेच्या वरचा भाग एका जागी, खालचा बोटभर बाजूला. पाठोपाठ ठेच लागल्यासारखी हालचाल क्षणभर अडते, आणि चित्र पुन्हा जुळते तेव्हा गाडी वळणाबाहेर गेलेली असते.

संगणकावर किंवा कन्सोलवर रेसिंग सिम्युलेशन खेळणाऱ्या बहुतेकांनी हे दोन दोष पाहिलेले असतात. एक चित्र फाटण्याचा, ज्याला सगळे टिअरिंग म्हणतात. दुसरा अडखळण्याचा, म्हणजे स्टटर. दोन्हींवर सहसा एकच उपाय सुचवला जातो: एफपीएस वाढवा, मोठे ग्राफिक्स कार्ड घ्या. हा सल्ला अर्धाच खरा आहे. हात द्रुत चालतो म्हणून तबल्याचा ठेका चांगला होत नाही. दोन मात्रांमधले अंतर सारखे राहावे लागते. पडद्यावरच्या हालचालीचेही तसेच आहे. सेकंदाला किती चित्रे आली यापेक्षा ती किती समान अंतराने आली, याने खेळ सुरळीत होतो किंवा बिघडतो. हे का, ते समजून घेतले तर खिशाला हात न लावताही पुष्कळ काही सुधारता येते.

एका फ्रेममागे किती मीटर?

पडद्यावर प्रत्यक्षात काहीच हालत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे येतात आणि मेंदू त्यांची हालचाल जुळवतो. असे प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला जितक्या फ्रेम्स तयार करते तो फ्रेम रेट, म्हणजेच एफपीएस. मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा पडदा नव्याने रंगवतो तो रिफ्रेश रेट, आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.६७ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागात, पडदा ताजा करतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर तेच काम दर ६.९४ मिलिसेकंदांनी करतो.

या दोन वेगळ्या यंत्रांची दोन वेगळी घड्याळे आहेत. साध्या मॉनिटरचे घड्याळ ठरलेल्या चालीने चालते. कार्डाचे घड्याळ मात्र दृश्याप्रमाणे बदलते. मोकळ्या रस्त्यावर त्याला एक फ्रेम काढायला ८ मिलिसेकंद पुरतात. पुढे वीस गाड्या, पाऊस, धूर आणि ओल्या डांबरावरची प्रतिबिंबे आली की त्याच कार्डाला २० लागतात. टिअरिंग आणि स्टटर यांतला बराचसा गोंधळ या दोन घड्याळांच्या न जुळण्यातून जन्मतो.

आता मोंझाच्या गाडीकडे पुन्हा जाऊ. ताशी ३२४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर ९० मीटर. फ्रेम रेट ३० असेल तर दोन चित्रांच्या मध्ये गाडी ३ मीटर पुढे जाते. ६० असेल तर दीड मीटर, १२० असेल तर पाऊण मीटर. आजची फॉर्म्युला वन गाडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. म्हणजे ३० एफपीएसवर प्रत्येक चित्रात गाडी स्वतःच्या निम्म्याहून जास्त लांबीची उडी घेते. ब्रेक कुठे दाबायचा याचा निर्णय दोन-चार मीटरच्या फरकाने ठरत असतो, आणि नेमके तेवढेच अंतर तुम्हाला दाखवलेले नसते.

यावर एक जुना आक्षेप हमखास येतो: सिनेमा २४ फ्रेम्सवर चालतो, डोळ्याला त्याहून जास्त दिसतच नाही. हा समज चुकीचा आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला तेव्हा मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवले जात आणि फ्रेम्सची गती फिरवणाऱ्या हातावर अवलंबून असे. चित्रपट बोलू लागला तेव्हा आवाजासाठी एकच पक्की गती लागली आणि २४ हा आकडा रूढ झाला. तो पुरेसा ठरण्यामागे कारणे आहेत. कॅमेऱ्याची झडप उघडी असते तेवढ्या वेळातली सगळी हालचाल फ्रेममध्ये पुसट होऊन उतरते, आणि ती पुसटता डोळ्याला जोडदुव्यासारखी उपयोगी पडते. प्रोजेक्टर प्रत्येक फ्रेम दोन किंवा तीन वेळा उजळवतो, त्यामुळे लुकलुक जाणवत नाही. शिवाय दोन फ्रेम्समधले अंतर नेहमी सारखेच असते. गेममधली फ्रेम मात्र एका नेमक्या क्षणाचे स्वच्छ, धारदार चित्र असते. आणि सर्वांत मोठा फरक असा, की सिनेमा पाहणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग नसते.

वही उतरवताना पान उलटले

चित्र फाटते म्हणजे नेमके काय होते? मॉनिटर संपूर्ण चित्र एका झटक्यात दाखवत नाही. तो वरून खाली, एकेक ओळ करत पडदा रंगवतो. १०८० ओळींच्या ६० हर्ट्झ पडद्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला जवळजवळ १६ मिलिसेकंद जातात.

एक विद्यार्थी वहीतला मजकूर फळ्यावर उतरवतो आहे अशी कल्पना करा. तो ओळीमागून ओळ वाचतो आणि लिहितो. निम्मे पान झाले असताना दुसऱ्या कुणी वहीचे पान उलटले, तर फळ्यावर वरचा अर्धा मजकूर जुन्या पानाचा आणि खालचा अर्धा नव्या पानाचा उतरेल. टिअरिंग म्हणजे हेच. ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत किमान दोन पाने असतात. एका पानावरून मॉनिटरकडे चित्र जात असते, दुसऱ्यावर कार्ड पुढचे चित्र काढत असते. नवे चित्र पूर्ण होताच पाने बदलली जातात. बदल दोन रंगवण्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात झाला तर कुणाला कळत नाही. तो मध्येच झाला तर जिथे रंगकाम पोचले होते त्या ओळीवर चीर दिसते. चिरेच्या वर जुना क्षण, खाली नवा.

यातून एक गमतीदार निरीक्षण स्वतःच करून पाहता येते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर गेम ६१ एफपीएसने चालत असेल, तर प्रत्येक फेरीत पान थोडे आधी बदलते आणि चीर हळूहळू वर सरकताना दिसते. साधारण सेकंदाला एकदा ती सगळा पडदा ओलांडते. एफपीएस १२०च्या पुढेमागे असेल तर एकाच वेळी दोन चिरा दिसू शकतात, कारण एका रंगवण्यात दोनदा पान बदलते.

रेसिंग गेममध्ये हा दोष इतका का खुपतो याचे कारण भूमितीत आहे. सरळ रस्त्यावर पडद्याच्या मध्यभागी फार काही सरकत नाही. दृश्य मध्यातून बाहेरच्या बाजूंना पसरत जाते. वळणात मात्र सगळे जग आडवे फिरते, आणि ट्रॅकच्या कडेला उभ्या रेषांची रेलचेल असते: कुंपणाचे खांब, पाट्या, दिव्यांचे खांब, झाडे. आडव्या चिरेवर उभी रेषा तुटली की डोळा तिथेच अडकतो.

हिशेब करू. गाडी सेकंदाला ६० अंश वळते आहे आणि पडद्यावर ६० अंशांचे दृश्य १९२० बिंदूंच्या रुंदीत मावले आहे. म्हणजे दृश्य सेकंदाला सुमारे १९२० बिंदू सरकते. ६० एफपीएसवर दोन फ्रेम्समधला फरक ३२ बिंदूंचा. २४ इंची मॉनिटरवर हे अंतर जवळजवळ ९ मिलिमीटर भरते. खांब ९ मिलिमीटरने तुटला तर ते न दिसणे अशक्य आहे. १४४ एफपीएसवर हाच फरक १३ बिंदूंवर येतो. चीर तिथेही असते, पण लहान असते आणि पुढच्या रंगवण्यात लगेच मिटते. जास्त एफपीएसने टिअरिंग कमी वाटते ते यामुळे. ते नाहीसे मात्र होत नाही.

एसटीची वेळ चुकली की

फाटण्यावरचा जुना इलाज म्हणजे व्ही-सिंक. त्याचा नियम सोपा आहे: मॉनिटर एक चित्र खालपर्यंत रंगवून पुन्हा वर जाईपर्यंत पान बदलायचे नाही. हा नियम लावताच चीर पूर्ण थांबते. पण त्याची किंमत मोजावी लागते.

मॉनिटरचे रंगवणे ही एसटी समजा. ती दर १६.६७ मिलिसेकंदांनी सुटते आणि कुणासाठी थांबत नाही. चित्र १६ मिलिसेकंदांत तयार झाले तर गाडी मिळाली. १७ लागले, तर गाडी डोळ्यांदेखत निघून जाते आणि पुढची ३३.३३व्या मिलिसेकंदाला मिळते. तोवर पडद्यावर जुनेच चित्र पुन्हा दाखवले जाते. दोनच पाने असतील तर कार्डालाही पुढचे काम सुरू करता येत नाही, कारण एक पान दाखवले जात असते आणि दुसरे तयार होऊन ताटकळत असते. परिणामी अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी उशिरासाठी फ्रेम रेट ६० वरून थेट ३० वर कोसळतो. शर्यतीच्या पहिल्याच वळणावर, गाड्यांच्या गर्दीत, खेळ अचानक जड झाल्यासारखा वाटतो तो असा.

तिसरे पान दिले, ज्याला ट्रिपल बफरिंग म्हणतात, तर कार्डाला ताटकळावे लागत नाही. फ्रेम रेट ३० आणि ६०च्या मधे कुठेही राहू शकतो. पण मग काही चित्रे एकदा दिसतात आणि काही दोनदा. सरासरी सुधारते आणि लय मोडते.

हात आणि डोळा यांच्यातले अंतर

व्ही-सिंकची दुसरी किंमत उशिराची आहे, ज्याला खेळाडू इनपुट लॅग म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग वळवता, गेम ते वाचतो, गाडीचे गणित करतो, प्रोसेसर दृश्याची जुळवाजुळव करतो, कार्ड चित्र काढते, चित्र रांगेत उभे राहते आणि मग मॉनिटर ते रंगवतो. ६० हर्ट्झवर या रांगेत तीन फ्रेम्स साठल्या तर ५० मिलिसेकंद गेले. मोंझाच्या सरळ पट्ट्यावर ५० मिलिसेकंद म्हणजे साडेचार मीटर. तुम्ही जी गाडी पाहत असता ती खऱ्या गाडीच्या जवळजवळ एक लांबी मागे असते.

ब्रेकिंगची जागा सवयीने थोडी अलीकडे घेता येते. खरा त्रास मागची चाके सुटतात तेव्हा होतो. गाडीचे शेपूट बाहेर जाऊ लागले की स्टिअरिंग उलट वळवून ते सावरायचे आणि पकड परत येताच लगेच सरळ करायचे. ही सगळी देवघेव सेकंदाच्या काही दशांशांत चालते. डोळ्याला खबर उशिरा मिळाली तर हात उशिरा सावरतो, मग जास्त सावरतो, आणि गाडी उलट्या बाजूला झोकांडते. चांगल्या स्टिअरिंग व्हीलमधून हाताला मिळणारे धक्के चित्राच्या रांगेतून येत नाहीत, त्यांची वाट वेगळी असते. त्यामुळे हाताला घसरण आधी कळते आणि डोळ्याला नंतर दिसते. दोघांची साक्ष जुळेनाशी झाली की अनुभवी खेळाडूचाही आत्मविश्वास डळमळतो. म्हणूनच अनेक गंभीर सिम-रेसर फाटलेले चित्र सहन करतात, पण उशीर सहन करत नाहीत.

जुन्या गेमकर्त्यांनी धरलेला ताल

समान अंतराचे महत्त्व सिम्युलेशन लिहिणाऱ्यांनी फार आधी ओळखले होते. ब्रिटनच्या जेफ क्रॅमंड यांनी १९९६ साली 'ग्रां प्री २' हा फॉर्म्युला वनचा गेम आणला. त्यात खेळाडूने फ्रेम रेट स्वतः ठरवायचा असे, आणि प्रत्येक फ्रेममध्ये गाडीचे गणित ठरलेल्या वेळाइतकेच पुढे सरके. संगणकावर किती भार पडतो आहे हे टक्क्यांत पाहता येई. भार १००च्या वर गेला की गेम फ्रेम्स गाळत नसे. तो वेळच संथ करी. पडद्यावरचा एक सेकंद बाहेरच्या घड्याळात एका सेकंदाहून जास्त चाले. चित्राची लय राखली जाई, पण गाडी मंद गतीत चालवल्यासारखी होई आणि त्या फेरीच्या वेळेला अर्थ उरत नसे. खेळाडूला शिकवण स्पष्ट होती: यंत्राला झेपेल तेवढेच मागा.

१९९८ साली अमेरिकेतील पपायरस या संस्थेने 'ग्रां प्री लेजंड्स' काढला. १९६७चा मोसम, चिंचोळे टायर, आणि त्या काळचा मोंझा, जिथे रेटिफिलोचे जोडवळण अजून बांधलेच नव्हते. या गेमने गाडीचे गणित आणि चित्र वेगळे केले. गणित सेकंदाला २८८ वेळा, चित्र जास्तीत जास्त ३६ वेळा. म्हणजे दर चित्रामागे गणिताची बरोबर ८ पावले. पण ३६ हा आकडा ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर नीट बसत नाही: तीन फ्रेम्स पाच रंगवण्यांत वाटायच्या, तर दोन फ्रेम्स दोनदा आणि एक एकदाच दिसते. मॉनिटर ७२ हर्ट्झवर ठेवला तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि हालचाल एकसारखी होते. गेम तोच, फ्रेम्सही तेवढ्याच, पण भागाकार पूर्ण झाला म्हणून डोळ्याला सुख. पपायरसचे सहसंस्थापक डेव्हिड केमर पुढे 'आयरेसिंग'च्या मागे उभे राहिले. २००८ साली खुल्या झालेल्या त्या सिम्युलेशनमध्ये गाडीचे गणित सेकंदाला ३६० वेळा होते.

कन्सोलवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. नॅमकोचा 'रिज रेसर' १९९३ साली आर्केडमध्ये ६० एफपीएसने धावत होता. १९९४ साली तो पहिल्या प्लेस्टेशनवर आला तेव्हा ३० वर उतरला. काही वर्षांनी त्याच कंपनीने 'रिज रेसर टाइप ४'सोबतच्या जादा डिस्कवर पहिला गेम पुन्हा बांधून दिला, त्याच प्लेस्टेशनवर आणि पूर्ण ६० फ्रेम्सनी. मात्र त्यासाठी विरोधी गाड्या कमी कराव्या लागल्या. यंत्राची ताकद ठरलेली असते. ती देखाव्यावर खर्चायची की हालचालीवर, हे कुणीतरी ठरवावे लागते. 'फोर्झा मोटरस्पोर्ट'ने २००५ साली ३०चा पक्का ठेका धरला आणि २००७च्या दुसऱ्या भागात नव्या यंत्रावर ६०चा. याउलट २०१०च्या 'ग्रान टुरिस्मो ५'ने प्लेस्टेशन ३ वर ६०चे लक्ष्य ठेवून अतिशय देखणे चित्र दिले, पण गाड्यांच्या आणि धुराच्या गर्दीत ते चित्र फाटलेले दिसे.

सरासरी काय लपवते?

पडद्याच्या कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा ही सरासरी असते, आणि सरासरीत धक्का बुडून जातो. एका सेकंदात ५९ फ्रेम्स प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एक फ्रेम ११५ मिलिसेकंदांत आली असे समजा. बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद, फ्रेम्स ६०. कोपऱ्यातला आकडा ६० दाखवेल. पण त्या एका फ्रेमपुरती गाडी १० मीटरपेक्षा जास्त अंतर आंधळेपणाने गेलेली असेल. किंवा फ्रेम्स आलटून पालटून ८ आणि २५ मिलिसेकंदांनी येत असतील, तरी सरासरी ६०च येते आणि हालचाल खडबडीत रस्त्यावरून बैलगाडी जावी तशी दिसते.

२०११ साली 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजण्याची पद्धत मांडली, आणि ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणाची रीतच बदलली. आज फ्रेम टाइमचा आलेख कुणालाही घरी पाहता येतो. तो आलेख सपाट असेल तर आकडा लहान असला तरी खेळ सुरळीत वाटतो. आलेखावर सुया उभ्या राहत असतील तर आकडा १२० असूनही हात अवघडतो.

वडापची जीप

मग दोन घड्याळे जुळवायची कशी? इतकी वर्षे कार्डाला मॉनिटरच्या वेळेवर आणण्याचा प्रयत्न चालला होता. २०१३च्या ऑक्टोबरात एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर करून उलट वाट धरली: मॉनिटरनेच कार्डासाठी थांबावे. ही एसटी नव्हे, वडापची जीप. ठरलेल्या मिनिटाला ती सुटत नाही. प्रवासी आले की निघते. चित्र १५ मिलिसेकंदांत आले तर पडदा १५व्या मिलिसेकंदाला रंगतो, १७ लागले तर १७व्याला. अर्धे चित्र रंगत असताना पान बदलत नाही, म्हणून चीर नाही. पुढच्या गाडीसाठी खोळंबा नाही, म्हणून ६० वरून ३० वर कोसळणेही नाही.

जी-सिंकला सुरुवातीला मॉनिटरमध्ये खास सर्किट बसवावे लागे आणि ते महाग पडे. एएमडीने २०१४च्या जानेवारीत फ्रीसिंक दाखवले. त्यामागचा विचार असा, की लॅपटॉपच्या पडद्यांमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी रिफ्रेश रेट बदलण्याची सोय आधीपासून आहे, तीच गेमसाठी वापरता येईल. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ही सोय डिस्प्लेपोर्टच्या खुल्या मानकात आली, आणि २०१७च्या एचडीएमआय २.१ मानकाने ती टीव्हीपर्यंत पोचवली. २०१९च्या जानेवारीपासून एनव्हिडियाची कार्डेही खुल्या मानकाच्या मॉनिटरांशी जुळू लागली, आणि साध्या किमतीच्या मॉनिटरवर हे सुख मिळू लागले.

जीपलाही मर्यादा आहे. मॉनिटरच्या खोक्यावर ४८ ते ७५ किंवा ४८ ते १४४ असा पल्ला दिलेला असतो. फ्रेम रेट ४८च्या खाली गेला तर १४४चा मॉनिटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून पुन्हा पल्ल्यात येतो: ४० फ्रेम्स म्हणजे ८० हर्ट्झ. ७५च्या मॉनिटरला हे जमत नाही, कारण ८० त्याच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून मॉनिटर घेताना वरच्या आकड्याइतकेच खालच्या आकड्याकडेही पाहावे. आणि ११५ मिलिसेकंदांचा धक्का या तंत्राने जात नाही. जीप थांबेल, पण प्रवासीच उशिरा आला तर उशीर व्हायचा तो होणारच.

२०२२ पासून कार्डे दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये स्वतः बनवलेली फ्रेम घालू लागली आहेत. त्याने आकडा वाढतो आणि हालचाल डोळ्याला मऊ लागते. पण मधली फ्रेम तुमच्या स्टिअरिंगवरून काढलेली नसते, आणि ती बनवायला पुढच्या खऱ्या फ्रेमची वाट पाहावी लागते. शर्यत बघायला हे उत्तम आहे. गाडी सावरायला त्याचा उपयोग नाही.

व्हीआर चष्मा घालणाऱ्यांसाठी तर लय हा तब्येतीचा प्रश्न होतो. २०१६ साली आलेले रिफ्ट आणि व्हाइव्ह हे चष्मे ९० हर्ट्झवर चालत, म्हणजे एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद. मान वळली आणि दृश्य उशिरा वळले, तर डोळे आणि कानातला तोल यांची गाठ पडत नाही आणि घाटातल्या बसमध्ये होते तशी मळमळ सुरू होते. तिथे चित्राचा दर्जा निःसंकोच कमी करावा. ठेका सुटू देऊ नये.

घरच्या यंत्रावर काय करावे?

पहिली तपासणी फुकट आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट पाहा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विकत आणून तो महिनोन्महिने ६०वर चालवणारे पुष्कळ असतात, कारण सेटिंग आपोआप बदलेलच असे नाही.

मॉनिटरमध्ये फ्रीसिंक किंवा जी-सिंकची सोय असेल तर ती मॉनिटरच्या मेनूतही आणि ड्रायव्हरमध्येही चालू करा. मग एफपीएसची मर्यादा मॉनिटरच्या आकड्याच्या थोडी खाली बांधा, १४४ असेल तर १४१. फ्रेम्स वरच्या टोकाला आदळत नाहीत, रांग साठत नाही आणि उशीर कमीत कमी राहतो.

ती सोय नसेल तर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ६०चा पक्का ठेका हेच ध्येय ठेवा. सावल्या, प्रतिबिंबे, आरसे, प्रेक्षकांची गर्दी आणि धूर यांचा भार मोठा असतो. एकेक उतरवत जा. संगणक चालवतो त्या विरोधी गाड्यांचा भार प्रोसेसरवर पडतो, त्यामुळे कार्ड मोकळे असूनही खेळ अडखळत असेल तर वीसऐवजी बारा गाड्या घेऊन पाहा. नवा ट्रॅक किंवा नवी गाडी प्रथमच उघडताना होणाऱ्या अडखळण्यावरून निर्णय घेऊ नका. काही गेममध्ये चित्राचे बारीक प्रोग्राम तेव्हाच तयार होत असतात आणि एक-दोन फेऱ्यांत ते शांत होते.

लॅपटॉपवर खेळत असाल तर चार्जर लावल्याशिवाय शर्यत सुरू करू नका, आणि उष्णतेकडे लक्ष द्या. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात खोलीच इतकी तापलेली असते की लॅपटॉपला स्वतःला थंड ठेवणे जड जाते. मग तो जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. पहिल्या पाच फेऱ्या छान आणि सहाव्यापासून धक्के, असे होत असेल तर दोष बहुधा गेमचा नसतो. मागची बाजू उचलून हवा खेळती ठेवणे आणि एफपीएसची मर्यादा थोडी खाली आणणे, या दोन गोष्टींनी मोठा फरक पडतो.

मर्यादा मुद्दाम खाली आणायची, हे अनेकांना पटत नाही. हाती आलेले ९० सोडून ६० का घ्यायचे? कारण ते ९० दर वळणाला बदलणारे असतात आणि हे ६० शर्यत संपेपर्यंत तसेच राहतात. हात सवयीने शिकतो, आणि सवय एकसारख्या गोष्टीचीच लागते. ब्रेक दाबल्यावर गाडी प्रत्येक फेरीत तितक्याच उशिराने प्रतिसाद देत असेल तर मेंदू तो उशीर हिशेबात धरतो. उशीरच बदलत राहिला तर हजार फेऱ्या मारूनही हात बसत नाही.

म्हणून सेटिंग ठरवताना एकट्याने, कोरड्या ट्रॅकवर, निवांत फेरी मारून समाधान मानू नका. पाऊस लावा, सगळ्या गाड्या घ्या, शेवटच्या क्रमांकावरून शर्यत सुरू करा आणि पहिल्या वळणातल्या गर्दीत फ्रेम टाइमचा आलेख पाहा. तिथेही जो आकडा सपाट राहतो, तोच तुमच्या यंत्राचा खरा आकडा. तो बांधून ठेवा आणि मग मोंझाला जा.